कुत्रा घरात येतो का?

जेवणाच्या हॉलला अजून वाटाण्यांचा वास आहे.
टेबलं भिंतीशी सरकवून बाईंनी
जमिनीवर रिंगा मांडल्यात,
लाल, पिवळ्या, एक चेपलेली.
नेरिस बेनन बाई, दक्षिण वेल्स, बुधवार,
दुसरीचा वर्ग. एकोणीस मुलं
आणि प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीला एक चित्र.

खंजिरी वाजेल तोवर फिरायचं.
थांबली की जोडीदार शोधायचा.
"शब्दाचं तोंड कसंही असू दे," बाई सांगतात,
"शेपटी सारखी हलली
की दोघं एका रिंगणात."

खंजिरी थांबते.
समुद्र धावतो गाणाऱ्यांच्या जथ्याकडे,
कारण समुद्राला इथे म्हणतात मोर
आणि जथ्याला कोर.
तीन म्हणजे ट्री. ट्री पळतो मीकडे,
आणि मी म्हणजे, काय सांगू, मीच.
ढकलाढकली. कुणाचा तरी बूट निसटतो,
बूट एकटाच एका रिंगणात.

एकोणिसांत एक उरणारच.
आज उरलीय लाउरी, गळ्यात नुसता काळा चौकोन.
पण तिच्याशिवाय अजून दोघं उभी.
माब्लीच्या गळ्यात कुत्रा. कुत्रा म्हणजे की.
एलिदिरच्या गळ्यात घर. घर म्हणजे टी.
टी, की. याहून सोपं काय असतं?
माब्ली केव्हाची हात पसरून थांबलीय.
एलिदिर जागचा हलत नाही.

"जुळत नाही," तो म्हणतो.

वर्ग खदखदतो.
तीन आठवड्यांपूर्वी आलेला मुलगा,
उत्तरेकडून, पाटीचा दगड निघतो त्या डोंगरांतून,
आईची बदली झाली म्हणून.
आल्यापासून वर्गात बोललेलं
हे त्याचं पहिलं पूर्ण वाक्य.

"म्हण बरं पुन्हा."
की, तो म्हणतो. मग टी.
छत्तीस कानांना काही कळत नाही.
कळतं ते ओसियनला, ज्याच्या दोन्ही कानांत यंत्र आहे
आणि म्हणून जो लोकांच्या तोंडाकडेच बघतो.
"त्याचं घर हसत नाही, मिस.
कुत्रा म्हणताना ओठ हसतात.
घर म्हणताना नाही."

बाई गुडघ्यांवर बसतात, त्याच्या तोंडासमोर.
आणि आता त्यांनाही ऐकू येतो,
ईकडे जायला निघालेला
आणि वाटेत कुठेतरी दगडावर बसून राहिलेला
एक स्वर. तो देवनागरीत मला लिहिता येणार नाही.
बाईंनाही तो जिभेवर धरता येत नाही.

एलिदिर तोवर निघालाय.
माब्लीला ओलांडून, सरळ लाउरीकडे.
काळा म्हणजे डी, आणि त्याच्या तोंडात
त्या डीचंही तोंड हसत नाही.
"हे जुळतं," तो म्हणतो,
आणि काळ्या चौकोनाशेजारी घर उभं राहतं.

"मग माझा कुत्रा?" माब्लीचा आवाज ओला.

एलिदिर विचार करतो. खरंच विचार करतो.
"आमच्याकडे कुत्रा घरात येत नाही.
गोठ्यात झोपतो. त्याला मेंढ्या असतात."

"आमचा तर सोफ्यावर!"
"आमचा आईच्या उशीवर!"
"आमचा वारला."
झालं. यमक राहिलं बाजूला,
अर्धा तास नुसते कुत्रे.
बाई खंजिरी हलवतात, कुणी ऐकत नाही.
घंटेला रिंगा गोळा करताना दिसतं,
माब्लीने एक पाय आत ठेवलाय, घराजवळ,
एक बाहेर,
आणि एलिदिर सरकून जागा देतोय,
थोडीच, फार नाही.

चारनंतर स्टाफरूममध्ये किटली उकळते.
नेरिस बेनन खिडकीच्या काचेत बघून
ओठ न ताणता घर म्हणून पाहतात.
एकदा. पुन्हा. जीभ अजून मागे.
झाडूवाले ग्विलिम दारात थबकतात:
"दात दुखतोय का, बाई?"